सर्वांसाठी खुलं

आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल जमलं तर वर्तमानपत्रालाही कुलूप लावतील. विद्यापीठानं सांगितलं, प्राध्यापकांचे शोधनिबंध वेबसाइटवर सर्वांसाठी खुले ठेवा. यांनी ते चढवले आणि प्रत्येकाला पासवर्ड घातला.

"अहो, खुले ठेवायचे होते."

"मंग कोनीबी येऊन वाचून जाईन ना सर."

"जाऊ द्या की."

"अन् जबाबदारी कोनाची?"

त्यांच्यापुढे डोकं आपटणं मी सोडून दिलं. परवा इंझोरीच्या एका शेतकऱ्याचा त्यांना फोन आला. तुरीच्या मर रोगावरचा माझा निबंध त्याला हवा होता. यांनी तो फोनवरच पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. अडला तो शब्द दोनदा वाचत, घसा बसेपर्यंत, अख्खा निबंध वाचला.

शेवटी म्हणाले, "आनखी काई लागलं तं बिनधास्त फोन करजा. पासवर्ड तेवढा मांगू नोका."