हेरोदाच्या अंगावरचा निळा झगा

आमच्या ऑल्डरबी गावात आयडनीमाय निवांत बसलेली कुणी पाहिली नाही. टेकली तरी हात चालूच. शिवायला काही नसलं तर शिवलेलं उसवायची. "माय, जरा थांब की," असं म्हटलं तर म्हणायची, "थांबले की ऐकू येतं रे." काय ऐकू येतं, ते मला फार उशिरा कळलं.

मी क्रिस्पिन, धंद्यानं शिंपी. पण जूनमधल्या मोठ्या सणाला मी हेरोद राजा व्हायचो, आणि तेही एकवीस वर्षं. गावातला प्रत्येक धंदा बायबलातला एकेक प्रवेश गाड्यावर उभा करून चौकाचौकात फिरवायचा. आम्हा शिंप्यांच्या वाट्याला हेरोद, बाळ येशूच्या जिवावर उठलेला चिडका राजा. त्याचं काम सोपं, घसा मात्र हवा. राजा संतापला की गाड्यावरून उडी मारून थेट गर्दीत घुसायचा, पुरुषांच्या टोप्या उडवायचा, बायकांच्या टोपल्यांत डोकं घालायचा. पोरं किंचाळायची. अहाहा, काय ते दिवस!

त्या हेरोदाचा झगा निळा होता, आणि तो मूळचा आयडनीमायच्या लेकीचा.

अ‍ॅमिस लग्नानंतर सहा महिन्यांत तापानं गेली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मायनं तिचा लग्नाचा झगा देवळातल्या मारियामातेच्या मूर्तीला वाहिला. मूर्ती लहान, म्हणून झगा दुमडून शिवला. कात्री लावली नाही. वर्षातून एकदा पाद्री मेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचायचा. त्यात अ‍ॅमिसचं नाव आलं की माय मूर्तीकडे बघायची.

मग राजाचा हुकूम आला. मूर्ती नकोत, मेलेल्यांसाठी प्रार्थना नकोत, नावं वाचणं नको. मूर्ती ओढून काढताना झग्याची एक बाही तिच्या हाताला अडकून फाटली आणि मूर्तीबरोबर जळाली. उरलेला झगा आम्हा शिंप्यांकडे आला. मायनंच तो हेरोदासाठी रुंद केला, दुसऱ्या निळ्या कापडाची बाही लावली. पाच-सहा वर्षांत गादीवर राजाची बहीण आली, जुना धर्म परतला, नवी मूर्ती बसली. पुन्हा उसवा, पुन्हा दुमडा. तीही वारली, धाकटी बहीण आली, मूर्ती पुन्हा गेली, आणि झगा परत हेरोदाच्या अंगावर. तेव्हापासून त्याच्या आत मी.

दर सणाला माय गाड्याच्या चाकाशी उभी राहायची. "क्रिस्पिना, उडी बेतानं मार. शिवण जाईल."

"माय, हेरोद बेतानं चिडत नसतो."

"मग चिडताना कोपर आत घे, मेल्या."

आणि शेवटी बिशपांचं पत्र आलं. जुन्या धर्माचे हे खेळ बंद, यंदाचा शेवटचा. खेळ संपला की देवळातून आलेलं कापड कारकुनाच्या हवाली करायचं, तो ते बाजारात जाळणार. त्याच्या यादीत लिहिलं होतं: हेरोदाचा झगा, निळा, रुंद, सोनेरी किनारीचा, पूर्वी मूर्तीच्या अंगावरचा.

सणाच्या आदल्या दिवशी माय माझ्या दुकानात आली. नेहमीसारखी येरझाऱ्या घालत राहिली.

"तिचं नाव कुणी वाचत नाही आता," ती म्हणाली. "थडग्यावर दगड नाही. तो झगाही गेला तर अ‍ॅमिस होती हे सांगायला काय उरलं?"

"मी काय करू, माय?"

"तू गर्दीत घुसतोस ना? तिसऱ्या चौकात माझी टोपली असेल."

घुसलो. आयुष्यात इतका आरडाओरडा केला नव्हता. पाववाल्याची टोपी हवेत, कसायाची गटारात, आणि माझं डोकं मायच्या टोपलीत. वर आलो तो नुसत्या सदऱ्यावर. लोक पोट धरून हसले. म्हातारा राजा उघडा पडला, यंदा नवीन गंमत काढली म्हणे.

कारकून हसला नाही. "झगा कुठाय?"

"गर्दीनं ओढला, साहेब. राजावर राग आहे लोकांचा."

तो घरोघरी हिंडू लागला. इकडे मायनं दार लावून घेतलं. किनार चुलीत घातली, रुंदीसाठी जोडलेली कापडं उसवून काढली. चौथ्या दिवशी कारकून तिच्या दारात आला, तेव्हा मी काळजीनं तिथेच घुटमळत होतो. आत खुंटीवर एका बारीक पोरीचा झगा लटकत होता.

"हा कुणाचा?"

"माझ्या लेकीचा. लग्नातला."

त्यानं यादी पाहिली, झगा पाहिला. हातात धरून खांदे मोजले. हेरोदाचा एक खांदाही त्यात मावला नसता. मग त्याची बोटं बाहीवर थांबली.

"ही बाही वेगळी का?"

ही बाई खोटं बोलत नाही, हे मला माहीत होतं.

"आधीची जळाली, साहेब."

"चुलीशी सांभाळून राहायला सांग पोरीला."

"सांगते," माय म्हणाली, आणि झगा त्याच्या हातातून घेऊन परत खुंटीला लावला.

तो गेला. माय स्टुलावर बसली. हात मांडीवर, मोकळे. तसे ते पाहून मलाच चैन पडेना.

"क्रिस्पिना, तुझा आवाज चौकभर जातो. तिचं नाव घे."

मी हळूच घेतलं.

"मोठ्यानं."

"माय, कारकून अजून गल्लीच्या तोंडाशी असेल."

"असू दे. तेच नाव मला आतल्या आत ऐकू येतं. एकदा बाहेरून येऊ दे."

मी छाती भरून घेतली, हेरोदासारखी, आणि "अ‍ॅमिस" असं म्हटलं. समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या.