मिठाची बातमी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोलाही सांगितली नाही. ती म्हणाली असती, "अहो, जगाला शिकवता आणि एवढंही कळू नये?"

तेव्हा दिल्लीत परदेशी पत्रकारांच्या एका अभ्यासक्रमात मी शिकवत असे. घरोघरी नुकतं केबल आलं होतं, यमुनेपलीकडच्या नव्या सोसायटीत माझा फ्लॅट झाला होता, आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य जणू मीच मिळवून दिलं अशा थाटात मी बोलायचो.

वर्गात आफ्रिकेतल्या एका देशाचा, सरकारी रेडिओवरचा वृत्तनिवेदक होता. दिल्लीतल्याच मुनिरकात भाड्याच्या खोलीत, स्वतःच्याच देशाच्या एका वर्गमित्राबरोबर राहायचा.

"सर, आमच्याकडे भूकंप झाला तरी पहिली बातमी राष्ट्राध्यक्षांची," तो सांगे. "त्यांनी भूकंपाला परवानगी दिली, अशी."

वर्ग हसायचा. मी सगळ्यांत मोठ्यानं.

एकदा मी त्याला सांगितलं, रेडिओवर मोकळेपणानं वाचता आलं असतं तर जे वाचलं असतंत, ते बातमीपत्र लिहा. त्याची पहिली बातमी होती, बाजारात मीठ नाही. दुसरी, मिठाबद्दल लिहिणारा संपादक तुरुंगात. राष्ट्राध्यक्षांनी कापलेली फीत हवामानाच्याही खाली.

"सर, हे वर्गापुरतंच," कागद देताना तो म्हणाला.

"बिल्कुल," मी म्हणालो.

मग त्यांच्या वकिलातीत मेजवानी झाली. तिथल्या प्रसिद्धी अधिकाऱ्यानं मला त्यांच्या देशात शिकवायला बोलवावं, ही माझी हाव. अंगात नवा सूट, हातात ग्लास. माझ्या शिकवण्याचा नमुना म्हणून मी तोच कागद काढून दाखवला. त्यानं तो हसत वाचला, नीट घडी घातली.

"फारच छान. मी ठेवू?"

मी मूर्खासारखी मान डोलावली.

वृत्तनिवेदकाला अभ्यासक्रम अर्धवट असतानाच परत बोलावलं. विमानतळावर कोण न्यायला येणार, हे त्याला ठाऊक होतं. निरोप घ्यायला घरी आला. बायको चहा करायला आत गेल्यावर त्यानं हळूच विचारलं,

"सर, माझ्या खोलीतल्या मित्रानंच सांगितलं असेल ना?"

त्याला खोटं हुकमानं बोलावं लागे. मला कुणाचाही हुकूम नव्हता.

"असेल," मी म्हणालो.

गेटपर्यंत सोडायला गेलो. 'कागद मी दिला, मला माफ करा.' वाक्य तयार होतं. छोटं, मुख्य गोष्ट आधी, वर्गात शिकवायचो तसं. तेवढ्यात ऑटो थांबली. तो आत बसला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

"मुनिरका सांगा," मी म्हणालो, "आणि मीटरनंच चल म्हणावं त्याला."