चिकूच्या दशम्या

२०१७ साली मला डहाणूच्या एका कचेरीत लिपिकाची नोकरी लागली आणि आशागडला एका बागायतदाराच्या घरामागची खोली भाड्याने मिळाली. खोलीला दोन खिडक्या होत्या. दोन्हींतून चिकूची झाडंच दिसायची. मी घाटावरचा. आमच्याकडे चिकू म्हणजे पाहुणे आले की फोडी करून पुरवून वाटायचं फळ.

पहिल्याच आठवड्यात घरमालकीण काकी टोपली घेऊन दारात आल्या. "पिकलेत. आजच खाऊन टाका ने," म्हणाल्या. डागाळलेले, बाजारात न जाणारे पंचवीस-तीस चिकू होते. मी भारावून गेलो. तिसऱ्या दिवशी दुसरी टोपली आली. मग येतच राहिली. पहिली एवढ्या कौतुकाने घेतल्यामुळे पुढच्यांना नको म्हणायची सोय उरली नव्हती.

त्या सुमारास मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं होतं. घरातल्या तीन वस्तूंत झटपट आणि कमी खर्चात पदार्थ करून दाखवणारे व्हिडिओ मी जेवताना बघायचो. तीनपैकी एक वस्तू माझ्याकडे भरपूर होती, म्हणून मी हिंमत केली. शिकरण दोन दिवसांत नकोसं झालं. हलवा केला, तर चमचा उचलला की पातेलंही बरोबर उचललं जाई. मग कच्च्या चिकूची भाजी. बटाट्यासारखी लागते, असं व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या होत्या. तिच्या चिकाने ओठ असे चिकटले की कचेरीत साहेबांना मी नुसत्या मानेने नमस्कार केला. साहेबांना मी फार नम्र वाटलो असणार.

शेवटी पिकलेला गर कणकेत मळून, थोडी साखर-तूप घालून दशम्या केल्या. जाड झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या, पण चांगल्या लागत होत्या. पहिली दशमी काकींना नेऊन दिली. त्यांनी अर्धी खाल्ली आणि म्हणाल्या, "चांगली आहे. आमच्या घरात कोणी चिकू खात नाही, वीट आलाय सगळ्यांना. आधी शेजाऱ्यांच्या म्हशीला घालायचो. तुम्ही आलात ते बरं झालं."

उरलेल्या दशम्या डब्यात भरून कचेरीत नेल्या. सगळ्यांनी एकेक घेतली. आमचे शिपाई, त्यांना मी मामा म्हणायचो, जवळच्या कैनाड गावचे. त्यांनी सावकाश चावून विचारलं, "साहेब, चिकू आवडतात वाटतं तुम्हाला?" मी भिडेने हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते आपल्या दारच्या झाडाचे पिशवीभर चिकू घेऊन आले. त्यांच्यामागून मोठ्या कारकून बाईंनी आणले. आठवड्याभरात माझ्या टेबलाखाली चार पिशव्या झाल्या आणि लोक माझ्या टेबलाजवळून जाताना वास घेऊ लागले.

मग एकदा मामा म्हणाले, "आमच्या हिचा बचत गट आहे. ती दशमी बायकांना करून दाखवाल का? रविवारी या."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. शनिवारी मी दोनदा सराव केला. रविवारी कैनाडला मामांच्या ओटीवर दहा-बारा बायका बसल्या होत्या. मी परातीत गर ओतला, प्रमाण सांगितलं आणि लाटायला घेतलं. दशमी पोळपाटाला चिकटली. दुसरीही चिकटली. कोणी हसलं नाही, त्यामुळे जास्तच घाम फुटला. मामांची बायको शांतपणे म्हणाली, "भाऊ, जरा सरका."

तिने पिठात मूठभर तांदळाचं पीठ मिसळलं, पोळपाट बाजूला केला आणि भाकरीसारखी हातावर थापली. पातळ, गोल, तव्यावर टाकली तशी फुगली. मग सगळ्या पुढे सरकल्या. पाचेक मिनिटांत मला कोणी काही विचारेनासं झालं. मामांनी चहा दिला तो पिऊन मी परतलो.

दोनेक महिन्यांनी डहाणूत बचत गटांचा बाजार भरला होता. तिथे कैनाडच्या गटाच्या टेबलावर केळीच्या पानावर दशम्या रचलेल्या दिसल्या. त्या रविवारी नसलेली एक तरुण बाई विकत होती. मामांची बायको मागे तवा सांभाळत होती. मी काही बोलायच्या आत तरुण बाई म्हणाली, "घ्या दादा, चिकूच्या आहेत. आमच्या घरचीच पद्धत."

"कशा करतात?" मी विचारलं.

तिने तांदळाच्या पिठापासून थापण्यापर्यंत सगळं नीट सांगितलं. "साखर नाही घालायची. काही लोक घालतात, त्यांना चिकू कळत नाही."

मागे मामांच्या बायकोने पदर तोंडाशी धरला होता. मी मान हलवली, दोन दशम्या घेतल्या आणि बाकावर बसून खाल्ल्या. माझ्या दशम्यांपेक्षा खरंच चांगल्या होत्या. थोडं वाईट वाटलं, पण भूक लागली होती, म्हणून उठून आणखी एक घेतली.