न वाचलेली चार पानं

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. माझं चुकलं नक्की कुठे, हेच मला सांगता येत नव्हतं. अजूनही नीटसं येत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी हडपसरच्या कॉलेजात शिकवायची. ते सांभाळून तिने एक शोधनिबंध लिहिला. दूरच्या दीर्घिकांच्या समूहांकडून येणाऱ्या क्ष-किरणांच्या वर्णपटात एक अनोळखी रेषा दिसत होती. तिचं म्हणणं, कृष्णद्रव्याचा, म्हणजे त्या न दिसणाऱ्या पदार्थाचा, एक कण हळूहळू विघटित होतो आणि ही रेषा त्याचीच. परदेशातल्या नियतकालिकाने तो निबंध तपासायला नेमका माझ्याकडे पाठवला. परीक्षक कोण, हे लेखकाला कळत नसतं. ओळख आहे म्हणून मी नकार कळवायला हवा होता. कळवला नाही. रेषा त्या समूहांमधल्या तापलेल्या वायूतल्या साध्या पोटॅशियमची असणार, हे माझं मत आधीच ठरलेलं होतं. अहवालात तेवढंच लिहून मी निबंध नाकारला. शेवटची चार पानं, परिशिष्टाची, वाचलीच नाहीत.

ती तोच अहवाल घेऊन माझ्याकडे आली.

“सर, हे पोटॅशियमचं विचारतात. परिशिष्टात मी त्याचंच उत्तर दिलंय.”

“परीक्षक घाईत असतात गं.”

“दोन महिने लावले की. घाई झोपायची होती का?”

मी हसलो. चहा मागवला.

“दुसरीकडे पाठवू?”

“थांब जरा. निरीक्षणं वाढू देत.”

ती थांबली. तेवढ्यात दुसऱ्या एका गटाने जवळपास तीच कल्पना छापली. पुढे तिने संशोधन सोडलं आणि सॉफ्टवेअर कंपनीत गेली.

मग काही निरीक्षणांत ती रेषा दिसेनाशी झाली. वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. म्हणजे मी बरोबर होतो? निवृत्तीनंतर ती चार पानं काढून वाचली. पोटॅशियमचा हिशेब तिने चोख मांडला होता. रेषा खरी की खोटी, मला खरंच कळत नाही.

मागच्या वर्षी स्वारगेटला ती भेटली.

“सर, ती रेषा शेवटी कसली निघाली?”

“अजून ठरलेलं नाही.”

“बघा, मी सोडलं तरी काही अडलं नाही,” असं म्हणत ती बसमध्ये चढली.

तो परीक्षक मीच होतो. तुझी शेवटची पानं मी वाचली नव्हती. मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं, बस निघेपर्यंत म्हणता आलं नाही.