कुवेतचा पाचवा तास

मालवणच्या एसटी स्टँडवरचे कंट्रोलर कधी विमानात बसले नव्हते, पण मुंबईहून मस्कत किती मैल, कुवेतला किती तास, हे त्यांना पाठ होतं. मुलगा आखाताला निघाला की आया त्यांनाच विचारायला येत, कारण विमान उतरेपर्यंत त्या देवापुढचा दिवा विझू देत नसत. कुवेतचे चार तास ते कोरड्या आवाजात पाच सांगत.

"इमानाक उशीर झालो तर बापडी घाबरतली," एवढंच एकदा मला, तिथल्या शाळामास्तराला, म्हणाले.

त्यांचा स्वतःचा मुलगा कुवेतला गेला, त्या दुपारी ते खिडकीत मनगटावरचं घड्याळ काढून, पालथं ठेवून बसले होते.

"मास्तर, कुवेताक किती तास लागतत?"

"चार," मी म्हणालो.

त्यांनी पालथं घड्याळ तळहाताखाली झाकलं.

"पाच सांगा."