मेलेलं एन्झाइम

"करून बघ म्हणजे काय? सोपं आहे का ते?"

"सोपंच आहे. तुझी टरकली आहे, म्हणून अवघड वाटतंय."

"टरकलीबिरकली काही नाही हं, आजोबा!"

"मग पिपेट भरून मघापासून नुसती उभी का? ठेव खाली, सांडशील."

मुंगीने पिपेट ठेवलं. लॅबमध्ये सगळे तिला मुंगीच म्हणायचे, कारण ती सदान्कदा काहीतरी उचलून कुठेतरी निघालेली असायची. आणि आजोबा काही म्हातारा नव्हता. त्याची पीएचडी इतकी रेंगाळली होती की मागून आलेले डॉक्टर होऊन, लग्नं करून, पोरांना कडेवर घेऊन त्याला भेटायला यायचे.

"मॅडम उद्या सभागृहात तुझं काम दाखवणार," तो म्हणाला. मॅडम म्हणजे दोघांच्या गाईड. "आणि तू मेलेलं एन्झाइम अजून तपासलंच नाहीस?"

"आधी जिवंताचं नीट होऊ दे म्हटलं. मग पेपर लिहायचा होता. मग..."

"मग घाबरलीस."

तिने कुपीचं झाकण उघडलं.

निसर्गात नाही असं एन्झाइम ती घडवत होती. एन्झाइम म्हणजे प्रथिनाची इवलीशी घडी. तिच्या खोबणीत एक रेणू येऊन बसतो आणि बदलून बाहेर पडतो. खोबण कॉम्प्युटरवर आखायची, प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायचं, मग जिवाणू फोडून ते कॉलममधून, म्हणजे गाळणीच्या नळीतून, गाळायचं. जमलं की बदललेल्या रेणूंनी कुपीतलं पाणी पिवळं होतं. साधं पाणी! नाकाला झोंबणारं काही नाही, धूर नाही.

ते 'साधं पाणी' तिला फार मोलाचं होतं. बाबा रंगाच्या कारखान्यात होते. कामावरून आले की आई त्यांना दारातूनच आंघोळीला पिटाळायची. रात्री त्यांची छाती वाजायची, आणि ते ऐकत मुंगी झोपी जायची. आवाज थांबला की ताडकन उठून बसायची. भीतीशी तिची ओळख तेव्हापासूनची.

परवाच फोनवर त्यांनी विचारलं होतं, "काय गं, झालं का तुझं पाणी पिवळं?"

"झालं, बाबा."

"अगं ऐकलंस का!" असं ते आईला ओरडून सांगताना तिला ऐकू आलं होतं. पुढचं न ऐकताच तिने फोन ठेवला होता.

कारण मेलेलं एन्झाइम राहिलं होतं. खोबणीतला कळीचा एकच घटक बदलायचा. दिसायला एन्झाइम तेच, पण निकामी. त्याने पाणी पिवळं होता कामा नये. झालं, तर मग जिवंतानेही काही केलं नसेल. करणारा भलताच कुणीतरी.

"आण इकडे," आजोबा म्हणाला. "मी घालतो."

"नको. माझं आहे, मीच घालते."

तिने थेंब सोडला. दोघं कुपीवर वाकले. पाणी नितळ होतं. मुंगीने श्वास सोडला, आणि तळाशी काहीतरी पिवळसर उमटलं. ते हळूहळू वर चढत गेलं.

"उजेडाचं असेल," ती म्हणाली.

"मुंगे."

"अरे, ट्यूबलाइटचं असेल!"

"मुंगे, कॉलम कुठला वापरलास?"

"तोच. जिवंताचा. धुतला होता रे नीट."

आजोबाने कपाळाला हात लावला. कॉलममध्ये जिवंत एन्झाइम चिकटून राहिलं असेल, तर मुंगी वाचली. पण जिवाणूंच्या अंगचंच एखादं एन्झाइम पहिल्यापासून राबत असेल, तर तिच्या खोबणीने आजवर काडीचं काम केलेलं नव्हतं. कोरा कॉलम आणून सगळं पुन्हा गाळल्याशिवाय कळायचं नाही. आणि भाषण तर उद्यावर आलेलं.

तरी कुपी उचलून ती मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम बॅग भरत होत्या. "ये गं. पिवळी कुपी दाखवायला आणलीस? वा!"

"मॅडम, ही... ही मेलेल्याची आहे."

मॅडमचा हात चेनवर थांबला. त्यांनी कुपी उजेडाकडे धरली, तिरकी केली, परत सरळ केली.

"कॉलम तोच होता ना? मग त्याचाच दोष."

"असेल. किंवा नसेलही."

"अगं, चार लोक उठून येतायत हे ऐकायला. पेपर छापायला गेलाय आपला. कळतंय का तुला?"

"कळतंय ना! म्हणून तर आत्ताच आले." तिने कुपीकडे बोट दाखवलं. "बाबांना सांगून बसलेय मी. मलाही ते खरंच हवंय, मॅडम. पण आत्ता माहीत नाही ना आपल्याला."

"नवा कॉलम येईल. मग बघू."

"बघूच. पण उद्या? उद्या सांगाल ना सगळ्यांना, की हे अजून पक्कं नाही?"

मॅडमनी कुपी टेबलाच्या कडेला ठेवली. बॅगेची चेन ओढली, पट्टा खांद्यावर घेतला, आणि तिच्या अंगावरून दाराबाहेर निघून गेल्या.