डिंकावरची माशी

डिंक तळल्याचा वास आला की ती माशी आठवते. मोहरीचा दाणा तिच्यापुढे कलिंगड वाटावा एवढीशी. स्वतः पराग गोळा करणार नाही, दुसऱ्या मधमाशीच्या घरट्यात गुपचूप अंडं घालणार. विश्रांतवाडीचा माळ चाळून चाळून आमच्या कीटकशास्त्राच्या सरांना एकच सापडली, तीही अगदी नव्या जातीची. एवढ्याशा जिवाला टाचणी टोचता येईना, म्हणून सरांनी लाडवांचा डिंक भिजवून ती कागदाच्या टोकावर चिकटवली. सकाळी पाहतो तर अख्ख्या पुण्याच्या मुंग्यांनी डिंकासकट माशी नेलेली! नमुनाच नाही, तर जातीला नाव कुठलं? "सर, दुसरी शोधू." "शोधा की. माळावर कालपासून बुलडोझर फिरतोय, त्यालाच विचारा." सर पुन्हा कधी सूक्ष्मदर्शकाला बसले नाहीत, तसेच वारले. मी अजून तिथल्या सोसायट्यांच्या कुंड्यांत डोकं घालतो. वॉचमन तेवढा भेटतो.